बायकांची बाजू

त्रिविक्रमराव म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत न मोजलेली एक भिंत कधी कागदावर आणली नाही. पाहिलं नाही, मोजलं नाही, तर मांडायचं नाही, असा त्यांचा नियम. साहेब बदलले, खात्याची इमारत बदलली, नियम तसाच राहिला. असली माणसं निवृत्त झाली की घरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावायला घेतात. अनुसूयाबाई होत्या तोवर ती वेळ आली नाही. त्या त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशीच थांबवत, आणि तेही न बोलता, नुसतं बघून.

बोलायचं काम त्या घरात त्रिविक्रमरावांकडे होतं. पेपरातली बातमी असो, बसचा बदललेला रस्ता असो, की साहेबाच्या मुलीचं लग्न असो, ते सविस्तर सांगत आणि अनुसूयाबाई ऐकत. "हो का?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. एकेचाळीस वर्षांच्या संसारात यापेक्षा मोठं वाक्य त्यांच्या तोंडून क्वचितच आलं असेल. त्र्याण्णव साली त्या गेल्या आणि कन्नड मुलखातल्या, चामराजपेटच्या त्या मराठी घरात "हो का?" म्हणणारं कोणी उरलं नाही. मुलगा गुरुराज जे. पी. नगरला राहत होता. चांगला मुलगा, दर रविवारी न चुकता फोन करायचा, पण दोन मिनिटं झाली की "सरी अण्णा, ठेवतो" म्हणून मोकळा व्हायचा. एकटेपणा काय असतो हे त्रिविक्रमरावांना त्या ठेवलेल्या फोनच्या आवाजातून कळलं.

थिएटरांचं वेड त्यातूनच लागलं. शहरातली जुनी टॉकीज एकामागून एक पडत होती आणि त्या जागी काचेची कॉम्प्लेक्स उभी राहत होती. एक दिवस मॅजेस्टिकच्या बसस्टँडजवळ असंच एक थिएटर पाडताना त्यांनी पाहिलं आणि बस सोडून ते तिथेच उभे राहिले. कारण साधं होतं. नवरा-बायको मिळून ते दोघं जन्मात कुठे गेले असतील, तर सिनेमाला. ना काशी, ना उटी. त्या जागाच गेल्या तर आपण दोघं कुठेतरी बरोबर गेलो होतो याला पुरावा काय राहणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड खाली काढला.

तीन वर्षांत नऊ थिएटरं झाली. प्रत्येकाचा नकाशा, बाकांच्या रांगा, तिकीट खिडकीची उंची, प्रोजेक्टरच्या खोलीचा जिना, आणि सोबत दोन पानं माहिती: कोणी बांधलं, कधी बांधलं, दिवे कोणत्या क्रमाने विझायचे. हे सगळं करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि केल्यावर कोणी विचारणारही नव्हतं.

दहावं होतं चंद्रप्रभा टॉकीज. मार्केटजवळचं, घरापासून चालत पंधरा मिनिटांवरचं, म्हणजे त्यांचं दोघांचं घरचंच थिएटर. लग्न झालं त्या बावन्न सालापासून पुढची चौदा-पंधरा वर्षं, शनिवारी अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली की तीनचा खेळ ठरलेला. आता तेही पडणार होतं. त्रिविक्रमरावांनी आठवणीतूनच, पूर्वी पावलांनी मोजलेल्या अंतरांवरून, नकाशा काढायला घेतला आणि पुरुषांची बाजू इंचाइंचाने भरली. उरलेली अर्धी बाजू मात्र तशीच कोरी राहिली.

ती कोरी बाजू पहिल्यांदा बोलून दाखवली ती स्वानंदीने. ही पुण्याची मुलगी, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, वरच्या खोलीत सहा महिन्यांपासून भाड्याने राहत होती. किल्ली विसरली म्हणून खाली आली आणि टेबलाशी थबकली.

"काका, कसलं भारी ड्रॉइंग आहे हे! पण ही साइड ब्लँक का ठेवलीय?"

"ती बायकांची बाजू," त्रिविक्रमराव म्हणाले. "बाकांच्या वर्गात तेव्हा बायका वेगळ्या बसायच्या. मधे पुरुषभर उंच विटांची भिंत. त्यांचं दार बोळातून. इंटर्व्हलला दिवे लागायच्या आधी भिंतीच्या वरूनही काळा पडदा ओढायचे."

"म्हणजे तुम्ही दोघं एकत्र जायचात आणि वेगळे बसायचात?"

"खुर्च्यांच्या वर्गात एकत्र बसता यायचं. पण तिथे आमच्या कचेरीतले साहेब लोक यायचे." ते जरा अडखळले. "बायकोच्या शेजारी बसलेलं साहेबांनी पाहिलं असतं तर मला बरं वाटलं नसतं. मी भिंतीलगतच्या बाकावर बसायचो. म्हणजे ती पलीकडेच कुठेतरी असणार, असं वाटायचं."

"पलीकडे म्हणजे कुठे?"

"ते कसं कळणार? मी ती बाजू कधी पाहिली नाही. नुसता गलका ऐकू यायचा, कोण काय बोलतंय ते कळायचं नाही. फार बोलायच्या बायका."

"मग काकूंना विचारायचं ना," स्वानंदी सहज बोलून गेली आणि लगेच तिने जीभ चावली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. गावभरच्या म्हाताऱ्या डोअरकीपरांना शोधून, थिएटरात दिवे कोणत्या क्रमाने विझायचे हे त्यांनी विचारलं होतं. आणि जिला ती अर्धी बाजू पाठ होती तिच्यासमोर एकेचाळीस वर्षं जेवायला बसून एकदाही विचारलं नव्हतं, की तू कुठे बसतेस? तुला दिसतं का नीट? त्रिविक्रमरावांना स्वतःचा राग आला. त्या दिवसापासून त्यांना नकाशा पुरा करायचा नव्हता, त्यांना एवढंच हवं होतं: अनुसूया कुठे बसायची ती जागा.

ते आधी थिएटरातच गेले. जुने मॅनेजर उमाकांत अजून तिथे बसत, खेळ बंद झाले तरी सवयीने. त्यांनी दार उघडून दिलं. आत धूळ आणि वटवाघळांचा वास. भिंत अडुसष्ट सालीच काढली होती, उमाकांत म्हणाले, सगळा एकच हॉल केला, बाकंही लाकूडवाल्याने नेली. फरशीवर विटांच्या जाडीची एक पट्टी तेवढी वेगळ्या रंगाची दिसत होती. त्रिविक्रमरावांनी टेप लावला. रुंदी सोळा फूट, लांबी बत्तीस. आकडे मिळाले आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. सोळा गुणिले बत्तीसमध्ये एक बाई कुठे बसत होती हे टेप सांगत नाही.

"सोमवारी माणसं येणार आहेत पाडायला," उमाकांत म्हणाले. "तुम्हाला काय हवंय ते सांगा, ठेवून देतो. दाराची मूठ, तिकीट खिडकीची जाळी?"

"मला हवंय ते इथे नाही," त्रिविक्रमराव म्हणाले.

घरी येताना त्यांना वासंतीअक्का आठवल्या. मागच्या गल्लीतल्या भावसारांच्या घरातल्या, शिवणकाम करणाऱ्या. शनिवारी अडीचच्या सुमाराला खिडकीखालून "अनुसूया, ए अनुसूया" अशी हाक यायची ती त्यांचीच. मुलाने शहराच्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचा छोटा कारखाना काढला तेव्हा त्या तिकडे राहायला गेल्या होत्या. अनुसूयाबाईंच्या तेराव्याला आल्या होत्या, त्यानंतर गाठ नाही. त्रिविक्रमराव दोन बस बदलून रविवारी सकाळी पीण्याला पोचले. कारखान्याच्या शेडला लागूनच घर होतं, आणि दाराशी खुर्ची टाकून अक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. पंचाहत्तरीला आल्या होत्या, पण डोळे शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत.

"अय्यो, भावजी! या, कूत्कोळ्ळी, बसा. एवढ्या लांब आलात? स्वल्प कॉफी घ्या आधी."

कॉफी झाली. त्रिविक्रमरावांनी नकाशाची गुंडाळी उलगडून अक्कांच्या मांडीवर पसरली आणि कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं. "अक्का, चंद्रप्रभात ती कुठे बसायची?"

"कोण, अनुसूया? ती कुठं बसायला!" अक्का हसल्या. "ती उभी असायची की."

जागा मिळत नसेल असं त्रिविक्रमरावांना वाटलं आणि त्यांचा जीव चुटपुटला. "तीन तास उभी? मला कधी बोलली नाही."

"जागा होती हो. आम्ही धरून ठेवायचो. पण बसून सांगितलं तर मागच्यांना कसं ऐकू जाणार? इथं, भिंतीला खांदा लावून उभी राहायची, तोंड आमच्याकडं. एक डोळा पडद्यावर, आणि कथे सांगायची."

"कसली कथा?"

"सिनेमाची! हिंदी कुणाच्या बापाला येत होतं तिथं? आम्ही शिंप्यांच्या बायका, मागं कन्नड बायका, मार्केटातल्या फुलवाल्या तमिळ. पडद्यावर माणसं रडतायत आणि आम्ही बघतोय एकमेकींच्या तोंडाकडं. ती सांगायची ना, कन्नडात, मधेच मराठीत. पन्नास-साठ बायका गुपचूप ऐकायच्या. ती आली नाही तर निम्म्या परत जायच्या, भावजी. दारावरची बाई विचारायची, आज गुलबर्ग्याच्या बाई येणार नं?"

गुलबर्ग्याच्या बाई. अनुसूयाचं माहेर गुलबर्गा, निजामाचा मुलूख, आणि ती सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. हे त्रिविक्रमरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. मुलगी पाहायला गेले तेव्हाच तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. पण ते ऐकलं आणि विसरले, कारण त्यांच्या मते घरात हिंदी येणारे एकच होते, ते स्वतः. कचेरीतल्या उत्तरेकडच्या एका साहेबाकडून उचललेली दोनशे शब्दांची हिंदी. तेवढ्या भांडवलावर ते दर शनिवारी मार्केटपासून घरापर्यंत बायकोला सिनेमा समजावून सांगत आले होते.

"आणि कसं सांगायची म्हणता!" अक्कांना आता रंग चढला होता. "हिरो मोठ्ठं भाषण करायचा, पाच मिनिटं, हात वर करून. ती म्हणायची, काही नाही गं, भूक लागलीय त्याला. आम्ही लोळायचो हसून. सासूची तर अशी नक्कल करायची की आपापली सासू आठवायची. आणि रडायचं असलं की आवाज असा खाली आणायची, की फुलवाल्यासुद्धा पदर तोंडाला लावायच्या."

त्रिविक्रमराव हसले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना हेवा वाटला. नक्कल करणारी, साठ बायकांना हसवणारी ही बाई त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती त्यांच्यापासून चार हातांवर, एका भिंतीपलीकडे दर शनिवारी तीन तास राहत होती, आणि दिवे लागले की पदर सारखा करून बोळाच्या तोंडाशी येत होती ती दुसरीच कोणी.

"मी तिला परत जाताना गोष्ट समजावायचो," ते हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे की! खेळ सुटला की घाई करायची. चला गं, म्हणायची, ते बाहेर उभे असतील, त्यांना मला सिनेमा सांगायचाय. आम्ही चिडवायचो तिला. मी एकदा म्हटलं, सांगून टाक नं, तुला सगळं कळतं म्हणून. तर म्हणाली, नको गं वासंती. सांगताना इतके खुशीत असतात. आणि त्यांचं ऐकायला दुसरं आहे तरी कोण?"

 त्रिविक्रमराव नकाशाकडे बघत होते, पण त्यांना रेघा दिसत नव्हत्या. अनुसूया गेली तेव्हा आपण ऐकणारं माणूस गेलं म्हणून रडलो, असं त्यांच्या मनात आलं. सांगणारं माणूस गेलं होतं आणि आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला.

"एक तेवढा त्रास होता," अक्का म्हणाल्या. "तुमच्या बाजूला एक गृहस्थ बसायचा, भिंतीलगतच. जरा रंग आला की भिंतीवर थाप मारायचा आणि ओरडायचा, सुम्मनिरी! सुम्मनिरी! गप्प बसा म्हणून. दर खेळाला, चुकायचा नाही."

त्रिविक्रमरावांनी नकाशावरच्या भिंतीलगतच्या बाकावर बोट ठेवलं. "मग ती काय करायची?"

"हसायची आधी, पदर तोंडाला लावून. मग आवाज खाली आणून सांगायची, मागच्यांना काही कळायचं नाही. एका सिनेमाला तर सगळा घोटाळा झाला. एकोणसाठ साल असेल, माझी धाकटी पोटात होती. त्यातली बाई नवऱ्याचं घर सोडून जाते, आठवतंय? वर्षांनी परत येते. दारातच उभी राहते, आत येत नाही. नवरा समोर. आणि ती बोलायला लागते. सबंध सिनेमाभर गप्प असलेली बाई, भावजी, आणि अशी बोलते, अशी बोलते, डोळ्यांत पाणी नाही काही नाही. आम्ही सगळ्या अनुसूयाकडं वळलो. काय म्हणते गं ती? अनुसूयाही त्या दिवशी काही वेगळीच दिसत होती. म्हणाली, ऐका, ती नवऱ्याला म्हणतेय... आणि इकडून थाप पडली. सुम्मनिरी!"

"मग?"

"मग काय, थांबली. हसली पण नाही त्या दिवशी. तेवढ्यात सिनेमा संपला, दिवे लागले. बाहेर पडताना मी विचारलं, सांग नं, काय म्हणाली ती? तर म्हणाली, राहू दे आता. बोळाच्या तोंडाशी तुम्ही उभे होता."

त्या संध्याकाळचं सगळं त्रिविक्रमरावांना आठवलं. चालता चालता त्यांनी बायकोला सांगितलं होतं, की शेवटी ती नवऱ्याची क्षमा मागते. अनुसूया "हो का?" म्हणाली होती. आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की पडद्यावरची बाई क्षमा मागत नसावी. त्यांना त्या लांबलचक बोलण्यातले चारच शब्द कळले होते, आणि बाकीचं त्यांनी आपल्या सोयीने जुळवलं होतं.

"अक्का," ते म्हणाले. "तो ओरडणारा मीच होतो."

अक्कांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. "ठाऊक आहे की. सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर गप्प बसायचो. दुसरा कोणी असता तर भिंतीवर चढून त्याचं तोंड बंद केलं असतं आम्ही."

"पण ती काय सांगणार होती? काहीतरी बोलली असेल तुम्हाला, नंतर कधी?"

"नाही हो. पुढच्या शनिवारी नवा सिनेमा, नवी कथे. तो राहिलाच."

त्रिविक्रमराव दुपारच्या बसने परत निघाले. त्या सिनेमाची प्रत शोधली तर कुठेतरी मिळेलही, स्वानंदीसारखी एखादी मुलगी हिंदी समजावून देईल. पण पडद्यावरची बाई काय म्हणाली हे त्यांना नकोच होतं. अनुसूया त्या दिवशी भिंतीला खांदा लावून काय म्हणणार होती, ते हवं होतं, आणि ते ऐकलेलं माणूस जगात एकही नव्हतं. मॅजेस्टिकला बस बदलताना कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा कुठे त्यांना चामराजपेट म्हणायचं सुचलं.

घरी आल्यावर त्यांनी बोर्ड पुढे ओढला. नियमाप्रमाणे पाहिलेलं नाही, ते मांडता येत नव्हतं. तरी त्यांनी कोऱ्या बाजूत भिंतीची जोडरेघ ओढली, आपल्या बाकासमोर, रेघेच्या पलीकडे एक बारीक फुली केली, आणि खाली खात्याच्या सुवाच्य अक्षरात टीप लिहिली. बायकांचा वर्ग, बत्तीस फूट बाय सोळा फूट. फुलीच्या जागी उभ्या राहून चित्रपट सांगत: अनुसूयाबाई, माहेर गुलबर्गा. माहिती देणार: वासंतीअक्का भावसार, पीण्या. सन १९५९ मधील एका चित्रपटाचा शेवट सांगायचा राहिला. कारण: पुरुषांच्या बाजूने हरकत.

कचेरीत हरकतीची नोंद नावाशिवाय पुरी धरत नसत. त्रिविक्रमरावांनी 'हरकत घेणारा' असं लिहून त्यापुढे आपलं पूर्ण नाव घातलं आणि सही केली.